फाडायचं काम माझं

केणीसर शाळेत कुठे आहेत हे कुणाला विचारावं लागत नसे. जिन्यात खळीचा आंबूस वास आला की सर वरच्या मजल्यावर गेले असं समजायचं. मैद्याची खळ ते स्वतः शिजवत, तिला कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालत, आणि तो निळसर चिकट डबा हातात घेऊन वर्गावर्गांत फिरत. मुलं त्यांना पाठीमागे ‘खळसर’ म्हणायची. सरांना ते माहीत होतं. एकदा सातवीच्या फळ्यावर कुणी तरी ‘खळसर आले’ असं लिहून ठेवलं होतं. सरांनी शांतपणे खडू घेतला आणि खाली लिहिलं, ‘आले आहेत. बसा.’

मी पंच्याऐंशी साली डोंबिवली पश्चिमेच्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागले. गाव पाचोरा. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि गाव सोडून नोकरीला आलेली पहिलीच. एका ओळखीच्या बिऱ्हाडात कॉट घेऊन राहत होते. शाळेतल्या इतर शिक्षकांनी मला हजेरी कशी भरायची, पेपर कुठे ठेवायचे ते सांगितलं. केणीसरांनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, “डब्याला गुंडाळलेला कागद टाकणार आहात का? नसाल टाकणार तर राहू दे. टाकणार असाल तर मला द्या.”

त्यांचं पूर्ण नाव हिराजी केणी. मोठागावाकडच्या खाडीकाठी त्यांचं घर. घरची होडी थोरल्या भावाकडे, आणि हे चित्रकला शिक्षकाची पदविका घेऊन शाळेत. उंच, काळेसावळे, आणि तळहात एवढे रुंद की घोटीव कागद त्यांच्या हातात लहान वाटायचा. शाळेत ते स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत. घाईत असले किंवा मनातून हलले की मात्र खाडीकाठची बोली वर यायची.

त्यांच्या पत्नी, हौसाबाय, बाजारात मासळी विकायला बसत. मी कधी भाजीला गेले की त्या लांबूनच हाक मारत. “ओ बाई, तुमचे सरांना जरा सांगा गो. मी मावरा इकून टोपली रिकामी करून आणते, न यो माणूस रद्दीनं पिशवी भरून आणतो. घरान पाय ठेवायला जागा नाय.” सर तिथेच मागे उभे असले तर पिशवी सांभाळत म्हणत, “तुझ्या टोपलीला वास येतो. माझ्या पिशवीला येत नाही.” “खलीचा येतो तो कं?” असं त्या म्हणाल्या की आजूबाजूच्या कोळणी हसत. सर निघून जात.

कार्यानुभवाच्या तासाला सातवीच्या मुलांना चिकटवही करावी लागे. बाजारात त्यासाठी छापील तक्ते मिळत. फळं, वाहनं, प्राणी, राष्ट्रपुरुष. मुलं ती चित्रं कापून वहीत चिकटवत, आणि साऱ्या वर्गाच्या वह्या एकसारख्या होत. सरांनी ते बंद केलं. ते म्हणत, “तक्त्यातला हत्ती सगळ्यांच्या वहीत सारखाच. तो तुमचा हत्ती नाही. मला तुमच्या घरातला कागद पाहिजे.” मग मुलं काय काय आणत. अगरबत्तीचं पाकीट, पतंगाचा ताव, गेल्या वर्षीच्या कॅलेंडराचं पान, साडीच्या दुकानातली पिशवी, लग्नपत्रिका. दिवा गावाहून येणारा एक मुलगा कायम रिकाम्या हातांनी यायचा. घरात कागद येतच नाही म्हणाला. सरांनी विचारलं, “तुमच्या तिकडे इमारती बांधतात ना रे?” दुसऱ्या दिवशी तो सिमेंटच्या पिशवीचा मळका तपकिरी कागद घेऊन आला आणि त्याचे त्याने डोंगर केले, एकामागे एक. सरांनी ते पान बरीच वर्षं कपाटावर लावलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे कात्री. सरांच्या तासाला कात्री आणायची नाही. कागद हातानेच फाडायचा. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, शाळेला कात्र्या परवडत नाहीत का. सर म्हणाले, “परवडतात साहेब. पण कात्रीने कापलं की कागदाची कड बंद होते. फाडलं की उघडी राहते, तिची लव निघते. लव असली की चांगलं चिकटतं.” साहेबांनी मान डोलावली आणि शेऱ्यात ‘साधनांची कमतरता’ असं लिहून गेले. सरांना त्याचं काही वाटलं नाही.

फाडण्याचीही त्यांची रीत होती. कागदाला उभं-आडवं असतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. वर्तमानपत्र उभं फाडलं की सुतात फाटतं. आडवं फाडलं की वाटेल तिकडे पळतं. “घाई नको,” ते वर्गात फिरत सांगत, “आवाज ऐका. उभ्याचा आवाज वेगळा, आडव्याचा वेगळा.” मग पन्नास मुलांच्या वर्गात काही वेळ फक्त कागद फाटण्याचा आवाज येई. शेजारच्या वर्गात मी कविता शिकवत असायचे. मला तो आवाज आवडायचा.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी सर कलेच्या खोलीत बसत, आणि ज्याला यायचं तो येई. मी जाऊ लागले कारण बिऱ्हाडी परतून करायचं काही नव्हतं. खेळाचे मोरेसर यायचे, ग्रंथालयातल्या ताई यायच्या. मोरेसरांचं यायचं कारण ते स्वतः सांगत नसत. त्यांचे वडील त्या वर्षी गेले होते. मधे रद्दीचा ढीग, बाजूला खळ, आणि प्रत्येकापुढे एक जाड वही. सर कुणाला काही विचारत नसत, कुणाचं सांत्वन करत नसत. मी पहिल्या शनिवारी आईने पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा तेलकट कागद तसाच चिकटवायला घेतला, तर एवढंच म्हणाले, “तेलावर खळ धरत नाही. खाली दुसरा कागद घ्या, त्यावर कडेकडेने लावा.” दोन तास गेले तेव्हा मला घराची आठवण आली नव्हती असं नाही, पण ती पुढ्यात होती, छातीत नव्हती. मोरेसर मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. “केणीसर, पुढच्या महिन्यात तुमचा पगार रद्दीतच द्यायला सांगतो हेडसरांना,” ते म्हणत. सर वर न बघता म्हणत, “चालेल. रंगीत द्या म्हणावं.”

माझ्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. सावंतबाई गणित शिकवायच्या. मूळच्या मालवणकडच्या, कडक, नेमक्या, फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेघ मारणाऱ्या. त्यांची मनीषा आमच्याच शाळेत सातवी ब मध्ये होती, आईच्याच वर्गात. हसरी, थोडी धांदरट. सरांच्या तासाला तिने आजीच्या तपकिरीच्या पुड्यांचे कागद आणले होते, तेव्हा सारा वर्ग शिंकत बसला होता. ऑगस्टमध्ये तिला कावीळ झाली. त्या महिन्यात डोंबिवलीत बऱ्याच घरांतून कावीळ होती. बाकीची मुलं उठली. मनीषा उठली नाही.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा पोस्टमन आला होता. गावाकडून दुखवट्याचं कार्ड होतं. सावंतबाईंच्या यजमानांनी ते दाराबाहेर उभं राहूनच वाचलं, तिथेच फाडलं आणि तुकडे बाहेर टाकून आत आले. असं पत्र घरात ठेवायचं नसतं, हे आमच्या पाचोऱ्यालाही तसंच. पण त्या घरात दूरदूरच्या नातेवाइकांची कार्डं महिनाभर येत राहिली. सासूबाई अशा रीती फार जपणाऱ्या. रोज दारात कागद फाटायचा, आणि बाई आत स्वयंपाकघरात बसून ते ऐकायच्या. मनीषाची पुस्तकं सासूबाईंनी खालच्या मजल्यावरच्या एका मुलीला देऊन टाकली होती. “घरात ठेवून काय करायचं? बघून बघून जीव जाईल,” असं त्या आम्हाला म्हणाल्या. त्यांचंही खोटं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी सावंतबाई कामावर आल्या. पाचवीला शिकवत, आठवीला शिकवत. सातवी ब च्या दारापर्यंत जात आणि परत स्टाफरूममध्ये येऊन बसत. तो तास आम्ही कुणी ना कुणी घेत होतो. हेडसर चांगले होते, पण त्यांनाही सातवीच्या गणिताची काळजी होती. दिवाळीनंतर त्यांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, “बाईंना सांगा, मी घाई करत नाही. पण असंच राहिलं तर जानेवारीपासून त्यांना लांबच्या रजेवर जावं लागेल.” मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “रजेवर जाऊन काय करू? त्या घरात दिवसभर बसू?”

शनिवारी मी त्यांना कलेच्या खोलीत घेऊन आले. सरांनी एक खुर्ची पुढे ओढली, वही ठेवली, वर्तमानपत्राची दोन पानं ठेवली. मग नेहमी सगळ्यांना सांगत तसं म्हणाले, “फाडा बाई.”

त्याच वेळी मोरेसरांनी आपल्या पुढचा कागद टर्रकन फाडला. सावंतबाई उठल्या. “माझ्या घरात रोज फाडतात, केणीसर,” एवढंच म्हणाल्या, पर्स उचलली आणि गेल्या. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत गेला.

मी सरांना पोस्टकार्डांचं सांगितलं. ते खळीच्या डब्यात बोट फिरवत बसले. मग म्हणाले, “आमचेकडंपन तसाच. पत्र आला का उंबऱ्याच्या भायेर फाडाचा.” ही बोली त्यांनी शाळेत वापरलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. थोड्या वेळाने शुद्धीवर आल्यासारखे म्हणाले, “मला माहीत होतं. लक्षातच नाही आलं.”

सोमवारी ते स्टाफरूममध्ये आले. हातात कापडी पिशवी, तोंडाला नाडी बांधलेली. ती त्यांनी सावंतबाईंच्या टेबलावर ठेवली. माफी वगैरे मागितली नाही.

“यात फाडलेलेच आहेत. रात्री घरी बसून फाडले. फाडायचं काम माझं. तुम्ही नुसतं चिकटवा.”

बाई पिशवीकडे बघत राहिल्या. “आणि बाकीचे?”

“बाकीचेही घरून फाडून आणतील. त्या खोलीत शनिवारी कागद फाटणार नाही.”

आणि खरंच फाटला नाही. सरांनी आम्हा सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ग्रंथालयातल्या ताई जुनी मासिकं घरी नेत. मोरेसरांच्या घरी दोन लहान मुलं, तिथे कागद उरत नसे. ते बिचारे शाळेच्या मैदानावर, कबड्डीचा तास चालू असताना, शिट्टी तोंडात धरून वर्तमानपत्र फाडत उभे राहायचे आणि तुकडे खिशात कोंबायचे. मुलांनी विचारलं, “सर, काय करताय?” तर म्हणाले, “केणीसरांनी गृहपाठ दिलाय. तुम्ही पळा.”

सावंतबाई पुढच्या शनिवारी आल्या. त्यांनी चित्र केलं नाही. पानाच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून एकेक तुकडा शेजारी शेजारी लावत गेल्या, पांढरं दिसू नये एवढंच बघत. पान भरलं की दुसरं. गणिताच्या बाईच त्या. ओळी सरळ जायच्या. कितीतरी शनिवार त्या फक्त “खळ द्या” आणि “तुकडे संपले” एवढंच बोलल्या. दर सोमवारी सर नाडीची पिशवी भरून आणत. हौसाबाय मला बाजारात म्हणाल्या, “आता रातचे मनापन फाडाया बसवतो. माझे हाताला मावऱ्याचा वास, तं मना बोलतो, हात धुऊन ये आदी.” मी विचारलं, “मग तुम्ही काय म्हणता?” त्या म्हणाल्या, “काय बोलणार? धुते.”

जानेवारी उजाडला. हेडसर काही बोलले नाहीत, पण रजेचा विषय सगळ्यांच्या मनात होता. एका शनिवारी बाईंनी पान भरता भरता अचानक विचारलं, “सातवी ब च्या वह्या तुमच्याकडेच असतात ना?”

खोलीतले आम्ही सगळे थांबलो. सातवीच्या चिकटवह्या वर्षभर सरांच्या कपाटात असत. मनीषाचीही तिथेच आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मी मागे एकदा सरांना म्हटलं होतं की ती बाईंना देऊन टाकूया. ते म्हणाले होते, “त्यांनी मागितली तर. आपण होऊन द्यायची नाही.”

सर उठले, कपाट उघडलं आणि वही बाईंसमोर ठेवली. बाईंनी पानं उलटली. तपकिरीच्या पुड्यांचा हिरवा कागद, त्याचं एक झाड होतं. मग एक घर, त्याचं दार लग्नपत्रिकेच्या लाल कागदाचं. मग अर्धवट लावलेलं काहीतरी, आणि पुढे कोरी पानं. बाई रडल्या नाहीत. त्यांनी ते अर्धं पान हाताने सारखं केलं आणि म्हणाल्या, “हे मी पुरं करते.”

“नको,” सर म्हणाले.

“का नको?”

“ते तिचं आहे, बाई. तुमची वही वेगळी आहे.”

बाई एकदम चिडल्या. एवढ्या महिन्यांत त्यांचा आवाज चढलेला आम्ही ऐकला नव्हता. “तुम्ही कोण सांगणार मला? माझी मुलगी होती ती! घरात तिच्या नावाचा एक कागद ठेवला नाही कुणी, आणि हा एक आहे तर त्यालाही मी हात लावायचा नाही?”

“हात लावा की. घरी न्या. पण तिने जेवढं केलं तेवढं तिचं, ते तेवढंच राहू दे.” मग अगदी हळू म्हणाले, “त्यात आपला तुकडा घातला, तं उद्या कलायचा नाय गो, कंचा तिचा न कंचा आपला.”

बाई वही घेऊन गेल्या. मला वाटलं, आता त्या परत यायच्या नाहीत. मोरेसर सरांना म्हणाले, “करू द्यायचं होतं हो. काय बिघडलं असतं?” सर डब्याचं झाकण लावत बसले. ते त्यांना पटकन लागत नव्हतं.

मंगळवारी सातवी ब ला सरांचा तास होता, आणि त्याच्या पुढचा गणिताचा. मी शेजारच्या वर्गात होते. भिंतीपलीकडून कागद फाटण्याचा तो सगळा आवाज येत होता आणि तो एकाएकी थांबला. मी दारात आले. सावंतबाई सातवी ब च्या उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात खडूची पेटी. मुलांना मोठ्यांचं सगळं माहीत असतं. पन्नास मुलं कागद हातात धरून स्तब्ध बसली होती. केणीसर फळ्याशी उभे होते.

“थांबलात का?” बाई म्हणाल्या. “सरांचा तास अजून संपला नाही. फाडा.”

कुणीच फाडेना. मग त्या दिव्याच्या मुलाने भीत भीत एक पट्टी फाडली. मग दुसऱ्याने. बाई दाराची चौकट धरून तास संपेपर्यंत उभ्या राहिल्या. घंटा झाली. सर खळीचा डबा घेऊन बाहेर पडले, बाई आत गेल्या. फळ्यावर त्यांनी रेघ मारली ती नेहमीसारखी सरळ आली नाही, असं पुढे एका मुलीने मला सांगितलं.

रजेचा विषय परत निघाला नाही. पण बाई शनिवारी स्वतः कधी कागद फाडत नसत. सर निवृत्त होईपर्यंत दर सोमवारी नाडीची पिशवी त्यांच्या टेबलावर येत राहिली. त्याबद्दल दोघं कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

पुढे माझं लग्न झालं, मी ठाण्याला गेले, तिथल्या शाळेत लागले. तिथे मीही शनिवारी एक खोली उघडी ठेवते, एवढं सरांचं माझ्याकडे आहे. त्यांची खबर अधूनमधून कळायची. नव्वद सालानंतर काही वर्षांनी ते निवृत्त झाले. मग कळलं, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही जड झालं.

मी भेटायला गेले तो योगायोगाने शनिवारच होता. खाडीवर ओहोटी होती, काठाला चिखल उघडा पडला होता. हौसाबाय पडवीत कोळंबी सोलत बसल्या होत्या. पूर्वीइतक्या मोठ्याने नाही, पण तशाच म्हणाल्या, “जा आत. तुमची गनिताची बाई सकालपासून बसलीय. घरान रद्दी घेऊन आली. आता दोन-दोन झाले मना.”

आत सर भिंतीला टेकून बसले होते, पुढे पाट, पाटावर वही. डाव्या हाताच्या बोटाने ते खळ लावत होते. चिकटवायला एक हात पुरतो. फाडायला दोन लागतात, हे माझ्या तोपर्यंत कधी ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्यासमोर सावंतबाई बसल्या होत्या, केस पांढरे झालेले, मांडीवर वर्तमानपत्र. त्यांनी मला मानेनेच बस म्हणून सांगितलं, पान दोन्ही हातांत धरलं आणि फाडलं. ते भलतीकडे पळालं, वेडंवाकडं.

“उभा,” सर म्हणाले. शब्द जड येत होते. “उभा धरा, बाई.”

बाईंनी पान फिरवलं. पुन्हा फाडलं. या वेळी त्याचा तो लांब, एकसारखा आवाज वरपासून खालपर्यंत आला. सरांनी मान थोडी तिरकी करून तो शेवटपर्यंत ऐकला, आणि मग पट्टीसाठी डावा हात पुढे केला.